कॉफीची आंबवणी

माझ्या हातच्या चहाला अजनीच्या रेल्वे कॉलनीत नाव होतं. हे मी माझ्याच तोंडाने सांगते आहे, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट पाहत बसायची मला सवय नाही. आलं किती ठेचायचं, साखर कधी टाकायची, उकळी किती वेळा वर येऊ द्यायची, हे मला कधी कोणाला विचारावं लागलं नाही. त्यामुळे शेजारच्या कामाक्षीमामींनी अंथरुणातूनच थोडी कॉफी मिळेल का असं विचारलं, तेव्हा मला वाटलं, त्यात काय मोठंसं. चहाच्या डब्याऐवजी कॉफीचा डबा उघडायचा.

साल त्र्याहत्तर, जानेवारीचे पहिले दिवस. मामींचे यजमान वैद्यनाथन रेल्वेच्या ऑफिसात नकाशे काढायचे. डिसेंबरात एका दुपारी टेबलावरच छातीत कळ आली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मुलगी जयंती जमशेदपूरला राहायची, तिचं बाळ लहान, तिलाही जावं लागलं. जाताना तिने माझे दोन्ही हात धरले. आई काही खात नाही, महिनाभरात मी येऊन तिला घेऊन जाते, तोवर तुम्ही बघाल ना, असं म्हणाली. मी म्हटलं, तू बिनघोर जा, तुझ्या आईला चार दिवसांत जेवायला लावते. माझं तोंड आधीपासूनच मोठं.

चार दिवसांचे बारा झाले. मामी दिवसभरात दोन चमचे पेज घ्यायच्या, तीही माझी भीड म्हणून. मनगटातल्या सोन्याच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. गुरुवारी रेल्वेचे डॉक्टर येऊन गेले आणि मला बाहेर व्हरांड्यात बोलावून म्हणाले की हे असंच चाललं तर सोमवारी भरती करावं लागेल, नळीने पोटात अन्न घालावं लागेल. मामींनी ते ऐकलं. ज्या दवाखान्यातून नवरा परत आला नाही, त्याचं नाव ऐकून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला रडूही आलं आणि रागही आला. राग त्यांचाच, कारण त्या नुसत्या पडून होत्या आणि जयंतीला दिलेला शब्द माझा होता.

त्याच संध्याकाळी त्यांनी कॉफी मागितली. बारा दिवसांत तोंडाने मागितलेली ती पहिली गोष्ट. मी धावत त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, अर्धं दूध अर्धं पाणी चढवलं, तीन चमचे कॉफी, चार चमचे साखर, आलं, वर दोन वेलदोडे, आणि चांगली रटरट उकळली. रंग झकास आला. मामींनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "छान आहे." मग पुन्हा भिंत. आमच्या वऱ्हाडात नाही आवडलं तर माणूस तोंडावर सांगतं, ते मला समजलं असतं. हे 'छान आहे' माझ्या काळजात घुसलं. उरलेली मी पिऊन पाहिली, तर सर्दीचा काढा बरा.

शुक्रवारी सकाळी मी सरळ त्यांनाच विचारलं, मामी, कॉफी किती घालू, पाणी किती घालू?  त्या म्हणाल्या की मला ठाऊक नाही.

मला वाटलं, दुःखाने विसरल्या असतील. पण तसं नव्हतं. लग्न झाल्यापासून एकतीस वर्षं त्या घरात सकाळची कॉफी वैद्यनाथनच करत. मामी उठून तोंड धुईपर्यंत पेला तयार असायचा. स्वयंपाकघर दिवसभर मामींचं, पण सकाळचा तो अर्धा तास त्यांनी कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. "ते कधी आजारी पडले नाहीत, प्रेमिला," त्या म्हणाल्या. "पडले ते एकदाच."

म्हणजे ते माप त्या माणसाबरोबर गेलं होतं. आयुष्यभर फूटपट्टी घेऊन रेघा मारणारा माणूस, पण एवढी एक गोष्ट कुठे लिहून ठेवली नव्हती. मी घरभर शोधलं. कॅलेंडरच्या मागेसुद्धा पाहिलं.

सापडलं ते कॉफी गाळायचं पितळी भांडं. दोन मजली, वरच्या मजल्याच्या तळाला सुईच्या टोकाएवढी भोकं, आणि आत कॉफीवर ठेवायची दांड्याची चकती. कॉफी वर घालायची, तिच्यावर उकळतं पाणी ओतायचं, अर्क खाली ठिबकतो, तो गरम दुधात घालायचा, एवढं मला कळलं. मी कॉफी घातली आणि चकतीने गच्च दाबली, हरभऱ्याच्या डाळीचं पुरण दाबावं तशी. पाणी ओतलं. तासाभराने पाहते तो पाणी वरच्या वर, खाली एक थेंब नाही. ती फेकली. दुसऱ्यांदा अजिबात दाबली नाही, तर पाणी वरून घातलं आणि खाली हजर, भांडी विसळल्यासारखं फिकट. तीही फेकली. मग मी भांड्याला शिव्या घातल्या, आणि त्या घालताना मला कळत होतं की नाचता येईना अंगण वाकडं.

माझे सासरे नानाजी त्या दुपारी काटोलच्या बसने आले. जानेवारीत त्यांना सवड असायची, कारण संत्र्याची झाडं ताणावर असत. महिनाभर झाडांचं पाणी बंद ठेवायचं, पानं मलूल होऊन गळायला लागेपर्यंत त्यांना तहानलेलं ठेवायचं, आणि मग बरोबर दिवस साधून पाणी द्यायचं की झाड फुलाने भरतं. तो दिवस चुकला तर वर्ष गेलं. नानाजींचा तो कधी चुकला नाही असं लोक म्हणत. मला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. सासरा म्हणजे दिवसभर पाण्याबद्दल बोलणारा आणि तंबाखू मळणारा म्हातारा, एवढीच माझी समजूत होती. कॉफी त्यांनी जन्मात चाखली नव्हती.

वैद्यनाथनशी त्यांची व्हरांड्यातली ओळख होती, म्हणून ते मामींना भेटायला गेले. दाराशीच उभे राहून हात जोडले, दोन शब्द बोलले आणि परत आले. मला म्हणाले, "ताण लय बसला वं तिले. जास्त ताण बसला त झाड फुलत नाई, वाळते."

मी त्यांना कॉफीची सगळी कहाणी सांगितली. सांगताना आवाज चढला, कारण उद्या शनिवार होता आणि सोमवार लांब नव्हता.  नानाजी शेवटी म्हणाले की ते भांडं दाखव.

शनिवारी सकाळी ते मामींच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले. आधी त्यांनी चिमूटभर कॉफी तळहातावर घेतली, अंगठ्याने चोळली, वास घेतला, बोटांतून खाली सोडून पाहिली. रानात गेलं की ते मातीला असंच करत. माती पाहायला आलेले नाहीत तुम्ही, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात ते बोलायला लागले. ही बारीक आहे, म्हणाले, आपल्या काळ्या मातीसारखी. दाबली तर पाणी वर उभं राहील, मोकळी सोडली तर भेगेतून निघून जाईल. तू दोन्ही करून पाहिलंस.

त्यांनी कॉफी भांड्यात घातली, भांडं हातावर दोनदा हळूच आपटलं आणि चकती नुसती टेकवली, दाबली नाही. मी उकळतं पाणी घेऊन तयार होते. ओतणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"एकदम काहून ओतून राहिली? पह्यले आंबवणी द्या लागते."

आंबवणी हा शब्द मी लग्न झाल्यापासून शंभर वेळा ऐकला होता. ताणावरच्या झाडाला पहिलं पाणी द्यायचं ते पोटभर नाही, जमीन नुसती ओली होईल इतकंच. त्याला म्हणतात आंबवणी. ती मुरली, जमीन फुलली, की मग पुढचं भरपूर पाणी. तहानलेल्या मातीला एकदम पाट सोडला तर पाणी वाहून जातं, मुरत नाही. हे मला ठाऊक होतं. पण ते कॉफीला लागू असेल हे माझ्या बापजन्मात सुचलं नसतं.

त्यांनी चमच्याने पाणी घातलं, कडेकडेने, गोल, मधे नाही. झाडाला पाणी बुंध्याशी देत नाहीत, कडेच्या आळ्यात देतात, तसं. पाच चमचे झाले आणि हात थांबला. झाकण ठेवलं. मग मांडी बदलली, चंची काढली आणि तंबाखू मळायला लागले. मी म्हटलं, नानाजी, पाणी निवून राहिलं. ते म्हणाले, निवू दे, पुन्हा तापव.

तंबाखू मळून झाली तेव्हा त्यांनी झाकण उचललं. आत पाहून मी थक्क झाले. कॉफी फुगून चकतीला उचलून बसली होती, जवळजवळ दीडपट, वर बारीक बुडबुडे, आणि असा वास उठला की तो मी त्या घरात महिनाभर घेतलाच नव्हता. तो वैद्यनाथनच्या सकाळचा वास होता. आमच्या भिंतीपलीकडून रोज यायचा आणि बंद झाला हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. 

मग त्यांनी पुन्हा उकळलेलं पाणी घातलं, फुगलेल्या कॉफीच्या वर दोन बोटं येईल इतकं, आणि भांड्याला कान लावला. एवढा म्हातारा माणूस, पांढऱ्या मिशांचा, गुडघ्यांवर वाकून पितळी भांड्याशी कान लावून बसला होता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्यांनी मला खूण केली, मीही कान लावला. टप्. मग थोडा वेळ काहीच नाही. मग टप्. मळ्यातल्या विहिरीवरची मोट ऐकून पाणी कुठवर गेलं हे सांगणारे लोक असतात, असं मी लहानपणी ऐकलं होतं, आणि थापा समजले होते. हा माणूस सात वर्षं माझ्या घरी येऊन-जाऊन जेवत होता. याच्या बोटांत आणि कानांत एवढं काही होतं, आणि मी त्याला तंबाखूवरून बोलत होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त नवल वाटलं, देवळात गाभाऱ्यासमोर वाटतं तसं.

अर्क जमला तो काळा, दाट, भांडं कलतं केलं की कडेला चिकटणारा. दूध किती, साखर किती, हे मात्र नानाजींनी माझ्यावर सोडलं. दूध ही त्यांच्या माहितीतली गोष्ट नव्हती.

मी पेला घेऊन आत गेले तेव्हा मामी उठून बसल्या होत्या. वासाने उठल्या असाव्यात. त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला, एक घोट घेतला. मग दुसरा. मी अंथरुणापाशी उभी. नानाजी दाराबाहेर हातात टोपी घेऊन उभे होते. परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे आम्ही दोघं.

"अशी कॉफी या घरात मी एकतीस वर्षांत प्यायले नाही," मामी म्हणाल्या.

मला वाटलं, झालं, जिंकलो. मी मागे वळून नानाजींकडे पाहिलंसुद्धा. पण मामी बोलतच होत्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच इतकं सलग. लग्न झालं तेव्हा पगार अगदी बेताचा. कॉफी महाग, महिनाभर पुरवायची, म्हणून वैद्यनाथन पाणी जास्त घालायचे. पुढे पगार वाढला, पाणी तेवढंच राहिलं. मामींना माहेरची कडक कॉफी आवडायची. पण तो माणूस रोज पहाटे उठून पेला आणून हातात द्यायचा आणि समोर उभा राहून तोंडाकडे पाहायचा. त्याला काय सांगायचं? त्या रोज 'छान आहे' म्हणायच्या.

ते शब्द ऐकून मी खाली पाहिलं. त्यांनी पेला मांडीवर टेकवला. तो अर्धा संपला होता. मग म्हणाल्या, "प्रेमिला, थोडं गरम पाणी आण."

मला वाटलं, चूळ भरायला हवं असेल. मी तांब्या आणला. त्यांनी चमचा मागितला, आणि त्या सुरेख, दाट, आम्ही तीन दिवस झगडून केलेल्या कॉफीत एक चमचा पाणी घातलं. चाखली. मान हलवली. दुसरा घातला. चाखली. तिसरा. मग डोळे मिटून त्यांनी पेला तोंडाला लावला आणि तळापर्यंत प्यायल्या. डोळ्यांतलं पाणी गालांवरून ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

नानाजी दारातून पाहत होते. त्यांनी हळूच टोपी डोक्यावर घातली आणि पाय न वाजवता बाहेर निघून गेले.

"आता बरोबर झाली," मामी म्हणाल्या. रिकामा पेला त्यांनी माझ्या हातात दिला, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, तुझ्याकडे थोडा भात आहे का गं?