आठशे वर्षांची गोष्ट

भोपाळच्या त्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये चैत्रातली दुपार अशी पसरे की आपण जागे आहोत की झोपेत, हेच कळू नये. मोहाचा वास, पिवळ्या क्वार्टरांची रांग आणि रांगेत मराठी घरं दोनच. एक नागपूरच्या सुमित्राचं, दुसरं तिच्या शेजारी, अलिबागच्या सारा ताळकरचं. सारा बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचीच ज्यू. सुमित्राची लहानगी रत्ना जेवायची एका घरी आणि झोपायची दुसऱ्या घरी.

त्यात लेडीज क्लबात एका परदेशी इंजिनिअरच्या बायकोने चहा पिता पिता आपल्या गावची जुनी दंतकथा सांगितली. ज्यू लोक सणाच्या रोटीत लहान मुलाचं रक्त घालतात म्हणे! उचलली जीभ, लावली टाळ्याला. दोन दिवसांत ती गोष्ट हिंदी शिकून नळावर पोचली. सुमित्राने बायकांना चांगलं झाडलं. "पागल हो गई हो क्या? सारा को मैं जानती हूँ."

त्याच दुपारी तिचा डोळा लागला. स्वप्नात सारा पीठ मळत होती आणि पीठ हळूहळू गुलाबी होत होतं. जाग आली तर रत्ना शेजारी नाही. मन चिंती ते वैरी न चिंती. सुमित्रा तापलेल्या रस्त्यावरून अनवाणीच धावली.

साराच्या स्वयंपाकघरात रत्ना पिठाची चिमणी करत बसली होती. साराने वाटीत अंडं फोडलं, त्यात लाल ठिपका दिसला, तसं ते मोरीत ओतून दिलं. "रक्ताचा टिपूसही चालत नाही आम्हाला," ती रत्नाला सांगत होती. मग तिने वर पाहिलं. सुमित्राचा चेहरा पाहिला, पाय पाहिले.

"नळावरचं मीही ऐकलंय, सुमित्राताई," ती हळूच म्हणाली. "आजोबा सांगायचे. आठशे वर्षांपूर्वी इंग्लंडात एक पोर रानात मेलेलं सापडलं. कुणी मारलं, कळेना. मग ठरलं, ज्यूंनी मारलं. पुढे गावोगाव पोराचं नाव बदललं, गोष्ट तीच राहिली. आमची माणसं जिवंत जाळली त्यापायी. आजोबा म्हणायचे, आपल्या मुलखात ही गोष्ट कधी आलीच नाही."

सुमित्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सारा, मी फक्त..."

"बसा. पाय भाजले असतील. पाणी आणते."

सारा पुढेही तशीच प्रेमाने वागली. फक्त रत्ना तिच्याकडे गेली की ती पुढचं दार सताड उघडं ठेवू लागली. भर वैशाखात लूचा तापलेला वारा घरात शिरायचा, पिठावर धूळ बसायची. दार लावून घे, एवढं म्हणायचं तोंड सुमित्राला उरलं नव्हतं.