कडक इस्त्री

“मॅडम, मागच्या गल्लीतून घेतो गाडी,” ड्रायव्हर म्हणाला. “पुढे दगड सुरू झालेत.”

“पुढूनच घे. मागच्या दाराने चोर जातात.”

ड्रायव्हरने गाडी पुढे घातली. पोलीस ठाण्यासमोरचा रस्ता माणसांनी गच्च भरला होता. सकाळी कोठडीत एक रंगारी मेला होता आणि दुपार व्हायच्या आत ती बातमी शहरभर झाली होती. गाडी ओळखून लोक बॉनेटवर थापा मारू लागले. पोलीस आयुक्तबाई स्वतःच दार उघडून खाली उतरल्या, तशी गर्दी क्षणभर बावचळली. तेवढ्यात त्या पायऱ्या चढल्याही.

वरच्या पायरीवर रंगाऱ्याची बायको बसली होती. रडत नव्हती.

“तुम्ही मोठ्या साहेब ना?” तिने विचारलं. “मग तुम्ही तरी सांगा. हे म्हणतात, मोरीत पाय घसरला. माझा माणूस जन्मभर परांचीवर उभा राहून भिंती रंगवायचा. तिसऱ्या मजल्यावरून कधी पडला नाही, तो मोरीत पडला?”

“आत जाऊन येते,” आयुक्तबाई म्हणाल्या. “जे कळेल ते आधी तुम्हाला सांगते. इथून हलू नका.”

आत खिडक्या लावून घेतल्या होत्या. मधूनच एखादा दगड लाकडावर आपटला की सगळे शिपाई दचकत. ठाण्याचे प्रमुख उभे राहिले आणि त्यांनी सलाम ठोकला. सगळं खातं त्यांना काका म्हणायचं. आयुक्तबाईही म्हणायच्या. त्या नव्याने खात्यात आल्या, तेव्हा याच माणसाने त्यांना पंचनामा लिहायला शिकवला होता आणि एका दंगलीत कॉलर धरून जळत्या दुकानातून बाहेर ओढलं होतं. आता काकांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते.

आयुक्तबाईंनी बाकी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. “बोला, काका.”

काकांनी सांगितलं. काल एका घरातली लहान मुलगी नाहीशी झाली. त्या घरात रंगकाम चालू होतं. मुलगी शेवटची दिसली ती या रंगाऱ्याशी बोलताना, म्हणून त्याला उचललं. सकाळी तो मोरीत गेला, पाय घसरला, डोकं नळावर आपटलं.

“आणि मुलगी?”

“सापडली. मावशीकडे होती. नवऱ्याशी भांडून आईनेच नेऊन ठेवलेली, वर तोंड शिवून बसली. काखेत कळसा नि गावाला वळसा.”

काका हसायला गेले, पण हसू काही जमलं नाही. आयुक्तबाईंची नजर त्यांच्या शर्टावर होती. काल संध्याकाळपासून ते ठाण्यातच होते. रात्रभराच्या ड्यूटीने बाकी सगळ्यांच्या कपड्यांचा चोळामोळा झाला होता, आणि काकांच्या बाहीवरची घडी मात्र सुरीसारखी उभी होती.

दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नसतं. आयुक्तबाईंचं बालपण पोलीस वसाहतीच्या कोपऱ्यावरच्या टपरीत गेलं होतं. बाप तिथे गणवेश धुऊन इस्त्री करायचा आणि ही गठ्ठे घेऊन दारोदार फिरायची. कधीकधी एखाद्या शर्टावर काळपट लाल डाग असायचे. ती विचारायची, “बाबा, हे कुणाचं?” बाप कपडा थंड पाण्यात बुडवायचा आणि म्हणायचा, “आपण डाग काढायचा. कुणाचा, ते विचारायचं नाही.” पुढे ती शिकली, परीक्षा दिली, अधिकारी झाली. पहिल्याच ठाण्यात पाठीमागून शब्द आला, ‘इस्त्रीवाल्याची पोर’. तो बोलणाऱ्याचं तोंड बंद केलं तेही काकांनीच. त्यानंतर ती चढत चढत शहराच्या सर्वोच्च खुर्चीपर्यंत पोचली. पण बापाने विचारू न दिलेला तो प्रश्न तिने सोडला नव्हता.

“काका, शर्ट कधी बदललात?”

काकांचा हात नकळत बाहीवर गेला.

“कालचा कुठाय?”

बाहेर कुणीतरी ओरडलं. काका खुर्चीत बसले. टेबलाखालची पिशवी त्यांनी पायाने पुढे सरकवली.

“पोर कुठेतरी कोंडलेली असेल, गुदमरत असेल, एवढंच डोक्यात होतं,” ते म्हणाले. “तो नाही नाही म्हणत होता. मला वाटलं, लपवतोय. मारत सुटलो. मग तो भिंतीवर आपटला तो उठलाच नाही. आणि तासाभराने फोन आला, मुलगी सापडली.”

“हात उचलला की तपास संपला, हे मला कुणी शिकवलं?”

“शिकवणं सोपं असतं, पोरी.”

कित्येक वर्षांत त्यांनी तिला ‘पोरी’ म्हटलं नव्हतं. तेवढ्यात आयुक्तबाईंचा फोन वाजला. खुद्द मंत्री होते.

“डॉक्टरांशी बोलणं झालंय,” पलीकडून आवाज आला. “पाय घसरला, विषय संपला. जुना माणूस आहे, सांभाळून घ्या. आणि तुमची खुर्चीही सांभाळा.”

“साहेब, बाहेर त्याची बायको बसलीय. तिला काय सांगू?”

“काहीही सांगा हो!”

“मग खरंच सांगते,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. दार उघडून दोन शिपाई आत बोलावले, त्यांच्यासमोर पिशवी सीलबंद केली, आणि मग काकांकडे वळल्या. “पट्टा आणि टोपी काढा, काका.”

काकांनी काढून टेबलावर ठेवली.

बाहेर पायरीवर रंगाऱ्याची बायको तशीच बसली होती. आयुक्तबाई तिच्यासमोर खाली बसल्या.

“तुमचा माणूस घसरला नाही. आमच्या अधिकाऱ्याने त्याला मारलं, त्यात तो गेला. अधिकाऱ्याला मी अटक केलीय. तपास या ठाण्याकडे ठेवणार नाही.”

बाईने डोळे मिटले. “त्या मुलीला त्याने काही केलं नव्हतं ना?”

“नाही. मुलगी सुखरूप आहे. तुमच्या माणसाने काहीही केलं नव्हतं.”

“हे मोठ्याने सांगा. त्यांनाही ऐकू दे.”

आयुक्तबाई उठल्या. शिपायाकडून भोंगा घेतला आणि तेच सगळं, काही न गाळता, साऱ्या रस्त्याला ऐकवलं. आभाळ फाटावं तसा गलका उठला. काकांना बाहेर आणलं तेव्हा आयुक्तबाई त्यांच्या खांद्याला खांदा लावून चालत होत्या. एक दगड आला तो आयुक्तबाईंच्या कपाळावर लागला. दुसरा येणार, एवढ्यात रंगाऱ्याची बायको आडवी उभी राहिली.

“कुणी मारायचं नाही!” ती ओरडली. “जिवंत राहू दे त्याला. मला त्याला कोर्टात उभं बघायचंय.”

लोक बाजूला झाले. गाडी निघाली.

संध्याकाळी कपाळावर पट्टी बांधून आयुक्तबाई काकांच्या घरी गेल्या. पहिल्या नेमणुकीत राहायला जागा मिळेना, तेव्हा काकूंनी त्यांना आपली पुढची खोली रिकामी करून दिली होती. आज काकू दारातच उभ्या राहिल्या.

“तूच पकडलंस?”

“हो, काकू.”

“दुसऱ्या कुणाला पाठवता आलं नसतं?”

“आलं असतं.”

काकू आत गेल्या. बऱ्याच वेळाने एक उशी घेऊन आल्या. “मान धरते त्यांची. जाड उशी चालत नाही. ही दे.” उशी हातात देऊन त्यांनी दार लावून घेतलं.

काकांना दुसऱ्या ठाण्याच्या कोठडीत ठेवलं होतं. पहारेकऱ्याने सलाम केला. आयुक्तबाईंचे दोन्ही हात उशीत गुंतलेले होते. त्यांनी नुसती मान हलवली.

“बाकीच्यांना उशी देतो का आपण?”

पहारेकरी घुटमळला. “नाही, मॅडम. नुसती सतरंजी.”

“मग नको.”

आत काका भिंतीकडे तोंड करून, दंडावर डोकं ठेवून पडले होते. “बरोबर आहे, मॅडम,” ते न वळता म्हणाले.

बाहेर ड्रायव्हरने गाडीचं दार उघडलं आणि उशी घ्यायला हात पुढे केला. आयुक्तबाईंनी ती दिली नाही. मांडीवर घेऊन त्या मागच्या सीटवर बसल्या, आणि गाडी सुरू झाल्यावर तिचा अभ्रा कडेकडेने नीट करत राहिल्या.