ताईचा आकडा

सरावाआधी प्रत्येकीनं भिंतीवरच्या तक्त्यात आपल्या दुखण्याचा आकडा लिहायचा, हा इनुकाई बाईंचा नियम होता. बाई फिजिओथेरपिस्ट, आठवड्यातून दोनदा शाळेत येत. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे पाय टेकवत नाही. आकडा तीनच्या वर गेला की त्या दिवशी धावणं बंद.

आधी तिसऱ्या वर्षाच्या मुली लिहीत, मग धाकट्या. सगळ्यांत आधी कप्तान चिझुरू. तिची उजवी नडगी महिनाभर ठणकत होती, आणि ती रोज दोन लिहीत होती. शून्य लिहिलं असतं तर बाईंना संशय आला असता. दोन कसा खरा वाटतो! प्रांताची रिले शर्यत दहा दिवसांवर आली होती. पाच मुलींनी अंगावरचा पट्टा एकमेकींकडे देत एकवीस किलोमीटर धावायचं, आणि शेवटचा टप्पा चिझुरूचा. तिची शाळेतली ही शेवटची शर्यत.

मंगळवारी तिसऱ्या फेरीत पहिल्या वर्षाची कोतोने मटकन खाली बसली. चिझुरूनं तिला धरून बाईंच्या खोलीत आणलं.

"एका बोटानं दाखव, कुठे दुखतं?" बाईंनी विचारलं.

कोतोनेनं नडगीवर बोट ठेवलं. बाईंनी तिथेच हलकं दाबलं, तशी ती कळवळली.

"नडगीभर दुखत असतं तर म्हटलं असतं, स्नायू चिडलेत. धावणं कमी कर, टाचा उचलायचा व्यायाम कर, मग अंतर हळूहळू वाढव. पण बोटाएवढ्या जागी असं दुखणं म्हणजे हाडाचं काम. आजच तपासून घ्यायचं. पाळी येते ना वेळेवर?"

कोतोनेची मान खाली गेली. "चार महिने नाही आली."

"खाणं कमी आणि धावणं जास्त झालं की हाडं भरून यायला वेळच मिळत नाही, बाळा. किती दिवस दुखतंय?"

"तीन आठवडे."

"आणि तक्त्यात दोन?"

"चिझुरूताईंचा दोन असतो ना," कोतोने म्हणाली. बाईंना एवढंही कसं कळत नाही, असा तिचा सूर होता. "त्या कप्तान, शेवटचा टप्पा धावतात. मी त्यांच्यापेक्षा जास्त कसं लिहिणार?"

चिझुरूनं तक्त्याकडे पाहिलं. आठही नावांसमोर दोन. गेल्याच आठवड्यात संघातली रिएको म्हणाली होती, "आमचा संघ म्हणजे दोनाचा पाढा!" आणि चिझुरूही हसली होती.

"आठ दोन," बाई पुटपुटल्या. "माझ्याही डोळ्यांवर झापडं होती."

संध्याकाळी निरोप आला. कोतोनेच्या हाडाला भेग पडली होती.

आपला खरा आकडा शर्यत झाल्यावर सांगू, असं चिझुरूनं रात्रभर स्वतःला बजावलं. कोतोनेच्या जागी राखीव मुलगी होती. कुणाचं काही अडणार नव्हतं. पण सकाळी ती तक्त्यासमोर उभी राहिली आणि मागे धाकट्या मुलींची रांग लागली. त्या तिच्या हाताकडे पाहत होत्या. तिनं सहा लिहिला.

"ताई, आकडा चुकला वाटतं," रिएको हसत म्हणाली.

"नाही." चिझुरूचे कान तापले होते. "महिनाभर सहाच होता. मी खोटं लिहीत होते."

कुणी हसलं नाही. रिएकोनं पेन घेतलं आणि चार लिहिला. तिच्या मागचीनं पाच. सगळ्या लिहून झाल्या तेव्हा धावता येतील अशा तीनच मुली उरल्या. प्रशिक्षक सर संघाचं नाव मागे घ्यायला फोनकडे गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दुपारी कोतोने कुबड्यांवर आली आणि चिझुरूसमोर कमरेत वाकली.

"ताई, माझ्या पायामुळे तुमची शेवटची शर्यत गेली. माफ करा."

चिझुरू तिच्याहून खाली वाकली. "तुझा पाय माझ्यामुळे गेला, कोतोने. माफी मी मागायची."

तिला तसंच वाकून राहायचं होतं; जमिनीकडे पाहणं सोपं होतं. पण समोरच्या कुबड्या थरथरत होत्या. ताईंनी मान वर केल्याशिवाय कोतोने मान वर करणार नव्हती.

चिझुरू ताठ उभी राहिली आणि तिनं कोतोनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं.