दगाची पेटी

"माय, केळ्यांना लसणाचा वास कसा गं?" गायत्रीने नाक थेट लोखंडी पेटीत खुपसलं होतं.

"तो तुना बापना वास शे," मालतीबाई हसत म्हणाल्या.

मालतीबाईंचा नवरा दगा उधन्याच्या कारखान्यात गॅसवेल्डिंग करायचा. कामावरून आला की त्याच्या अंगाला हाच वास. वर्षापूर्वी तो गेला, तेव्हा मालतीबाईंनी त्याच्या पेटीतली अवजारं त्याच्या जोडीदाराला, भिकनला देऊन टाकली, पण तळाचा वेल्डिंगच्या दगडांचा डबा काही हलवला नाही. वर गोणपाट टाकून त्या पेटीत केळी पिकवायला लागल्या. आणि काय सांगावं, गवतात पिकवणाऱ्या इतरांची केळी चार-चार दिवस हिरवीगार, यांची दोन दिवसांत पिवळीधम्मक! नवरा अजून पाठीशी उभा आहे, असं त्या ज्याला त्याला सांगायच्या. बंदी असलेला मसाला लावून झटपट केळी पिकवणाऱ्यांना मनसोक्त शिव्या घालायच्या आणि हातगाडी ढकलत ओरडायच्या, "मसाला वगरनां केळां!"

गायत्री बारावी सायन्सला. तिने डब्याचं सैल झाकण उचललं आणि तिचे डोळेच चमकले.

"अगं, हे कालच शिकवलं आम्हाला! कार्बनची घराणी असतात. एका घराण्यात दोन कार्बन एकमेकांचा एकच हात धरतात. ते शांत, कुणाच्या भानगडीत पडत नाहीत. दुसऱ्या घराण्यात दोन हात, तिसऱ्यात तीन. हे दोघे उतावळे. ब्रोमीनचं लाल पाणी ओतलं की हातचा हात सोडून त्याला धरतात. पाण्याचा रंगच जातो!"

"आनि मन्या केळ्या?"

"पिकलेलं केळं दोन हातवाला वायू सोडतं, त्यानेच शेजारचं पिकतं. तीन हातवाला त्याची नक्कल करतो. तो या दगडांतून निघतो, ओल लागली की."

"दखाड बरं!" मालतीबाईंना राहवेना.

दोघी बाहेर ओट्यावर आल्या. वाटीत दगडाचा खडा, वरून चार थेंब पाणी. फसफस झाली, तोच लसणाचा वास सुटला. गायत्रीने लांबून काडी लावली. पिवळी ज्योत भडकली, काळी काजळी उडाली.

"तुना बापनी ज्योत तर निळी राहे."

"त्यांच्याकडे ऑक्सिजनची नळी होती ना."

मालतीबाई वाटीतल्या खड्यावर वाकल्या. मग एकदम म्हणाल्या, "बाजारवाला मसाला टाकतस, तो काय शे?"

"हेच दगड, माय. कार्बाइड, विषारी असतं."

मालतीबाईंनी वाटी दूर सारली. "म्हंजे मी वरीसभर लोकांशी खोटं बोलले?"

"तुला कुठे माहीत होतं?"

"खानाऱ्यांना तरी कुठे माहीत होतं?"

त्या दिवशी पेटीतली सगळी केळी कचऱ्याच्या गाडीत गेली. डबा भिकन घेऊन गेला. संध्याकाळी मालतीबाईंनी बँकेतल्या रजनीताईंना, रोजच्या गिऱ्हाइकाला, सगळं सांगून टाकलं. रजनीताई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत," आणि नातवासाठी सफरचंदं घ्यायला पुढच्या गाडीकडे गेल्या. मालतीबाईंना रडूच आलं.

रात्री त्यांनी पेटी घासून धुतली, दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवली. कच्चे घड रचले. डब्याच्या जागी एक पिकलेलं केळं ठेवलं.

या वेळी चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी झाकण उघडलं, तर केळी पिवळी झालेली, देठाशी जरा हिरवी. गायत्री आनंदाने ओरडली, "बघ, दोन हातवाला!"

मालतीबाईंनी डोकं पार आत घातलं आणि डोळे मिटून श्वास घेतला. केळ्यांचा वास आला. नुसता केळ्यांचा.