सहीपुरती उमेदवारी

भाचीच्या पत्राला मामांनी उत्तर दिलं नव्हतं. ते शब्दकोशाखाली दडपलेलं होतं, आणि त्याच्या धास्तीने मामा हल्ली शब्दकोशही उघडत नव्हते. बापाच्या कानावर जाऊ नये म्हणून पोरीने फोन न करता लिहिलं होतं. अकाउंट्सची पदवी हाती आली होती, पण ऑडिटरच्या हाताखाली उमेदवारी केल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. बाबांनी एक बडे ऑडिटर गाठलेत. ते म्हणतात, यायची गरज नाही, घरी अभ्यास कर, हजेरी मी भरतो. वर्गातले सगळे असंच करतात. एका लहान ऑफिसात खरं काम मिळतंय, पण तिथे राबवून घेतात. महिनाअखेर नाव कळवायचंय. मामा, काय करू?

मामांनी जन्मभर कॉलेजात जमाखर्च शिकवला, पण फळ्यावर. एकाही दुकानाची खरी वही आपण उघडली नाही, आपण कोण सांगणार? असं म्हणत त्यांनी उत्तरादाखल लिहिलेलं सगळं फाडलं.

शेवटी मेहुणेच त्या बड्या ऑडिटरला घेऊन थडकले. हा मामांचाच जुना विद्यार्थी. वर्गात शेजाऱ्याचा ताळेबंद उतरवायचा, तोही चुकांसकट. आता तो असा बसला, की खुर्चीने त्याचे उपकार मानावेत.

"मास्तर, तिला समजवा," मेहुणे म्हणाले. "गोदामातली पोती मोजायला शिकवलं का तिला? तुमच्यावर गेलीय कार्टी."

ऑडिटरला स्वतःच्या हुशारीचं कौतुक आवरेना. तो रंगवून सांगू लागला. गेल्या साली एका गिरणीचा माल समक्ष मोजल्याची सही त्याने दिली होती. गोदाम कधीचंच पाडून तिथे पोहण्याचा तलाव झाला होता. त्याची स्वतःची मुलं तिथे पोहायला जात, आणि सही ठोकताना याला पत्ता नव्हता. मेहुणे मांडीवर थाप मारून हसले.

"उद्या कोणी विचारलं तर?" मामा चाचरत म्हणाले.

"म्हणून तर उमेदवार ठेवायचे, सर. मोजणीच्या कागदावर सही त्यांची असते."

मेहुण्यांचं हसू चालूच होतं. बळीचा बकरा आपलीच मुलगी आहे, हे त्या गृहस्थाच्या टाळक्यात शिरलं नाही. मामांना शिसारी आली. पण तोंडावर बोलायची छाती कुठे होती? त्यांनी चहा दिला, दारापर्यंत सोडायला गेले, वर 'पुन्हा या'सुद्धा म्हणाले. दार लावलं आणि कागद ओढला.

'त्याच्या ऑफिसात नाव देऊ नकोस. लहान ऑफिसात जा आणि राब. जो माल तू पाहिला नाहीस, त्याच्या कागदावर सही करू नकोस. बाबा ज्याला बडा म्हणतात तो लबाड आहेच, वर आळशी आहे. बाबा चिडले तर सांग, मामाने सांगितलं.'

शेवटचं वाक्य त्यांनी खोडलं. थोड्या वेळाने तेच खाली ठळक अक्षरात पुन्हा लिहिलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीच्या तोंडात पाकीट धरून ते बराच वेळ उभे राहिले. मागून कुणीतरी खाकरलं, तेव्हा ओशाळून त्यांनी ते सोडलं.