अर्ध्या वाट्याची गाय

चंद्रावतीने जन्मात कुणाची काडी उचलली नव्हती, तरी आज सकाळपासून ती चोरासारखी रस्त्याकडे बघत होती. पार्से गावाच्या वळणावर जीपचा आवाज आला की ती गोठ्याआड व्हायची.

सगळं झालं तांबूपायी. तांबू मुळात तिच्या धाकट्या भावाची, चोपडे गावात राहणाऱ्या बाबलीची पाडी. त्याने ती बहिणीला अर्ध्या वाट्याने पाळायला दिली होती. दूध पाळणाऱ्याचं, वासरं आलटूनपालटून, आणि गाय दोघांची, अशी इकडची जुनी रीत. मग कोरोना आला, दूध नेणारी गाडी बंद पडली आणि सरकारने गायीमागे मदत जाहीर केली. फॉर्मात विचारलं होतं, गायी किती? चंद्रावतीने लिहिलं, एक. तिकडे बाबलीनेही लिहिलं, एक. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटावं तरी का? अर्ध्या गायीसाठी त्या शहाण्या फॉर्मात रकानाच नव्हता.

आता इतक्या वर्षांनी तपासणी निघाली होती. तांबूच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर दोन्ही घरांच्या नावावर निघाला.

"खोटी गाय दाखवल्यान तर पोलीस केस," शेजारची हर्षा चवीने सांगून गेली. "आणि फोनार कायएक बोला नको. सगळा आयकतत ते."

चंद्रावतीने लगेच फोन तांदळाच्या डब्यात खुपसला आणि झाकण घट्ट लावलं. तिला स्वतःची भीती होतीच, पण बाबलीची जास्त होती. यंदाच तो सरकारी शाळेत शिपाई म्हणून लागला होता. केस झाली की नोकरी गेली, आणि मग घरातली चार तोंडं कुणाच्या आधारावर? तिने मनाशी ठरवलं, सगळं आपल्या अंगावर घ्यायचं.

डब्यात फोन घरघरत राहिला. ऑफिसचाच असणार, म्हणून ती दूर जाऊन बसली.

दुपारी जीप आली. साहेबांनी तांबूचा कान धरून नंबर वाचला.

"बाई, गाय कोणाची?"

"भावाची, साहेब. माझा काय नाय. मीच खोटा लिवलंय. त्याचो काय दोष नाय."

साहेबांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि तिची सही घेतली. मग फाइलमधून दुसरा कागद काढून त्यांनी कपाळाला हात लावला.

"सकाळी चोपड्यात तुमच्या भावाने लिहून दिलंय, गाय बहिणीची, खोटं मीच लिहिलं. आता दोघांनीही खोटं कबूल केलंत. मी तरी काय करू? दोन्ही कागद वर पाठवावे लागतील."

जीप गेली. चंद्रावती धडपडत आत गेली आणि तिने तांदळात हात घातला. फोनवर बाबलीचे सात कॉल होते. हातातच आठवा वाजला.

"बाय गो, किती फोन करू?" बाबलीला धाप लागली होती. "साहेब येवचे आसत. मी सगळा माझ्यार घेतलंय. तू फक्त गाय तुझीच म्हणान सांग, म्हणजे तू तरी सुटशीत. आयकलंस मा?"

गोठ्यात तांबू दुधाच्या वेळेला हंबरत होती.

"बाय? आयकलंस मा गो?"