नाकाड्या राजाच्या गालावरच्या रेघा

लोकांना चांदी काळी पडलेली बघवत नाही. पाहुणे यायच्या आधी पोराचं तोंड खसाखसा धुवावं, तसं जुनं नाणं विकायला आणण्याआधी ते घासतात. टूथपेस्ट, खायचा सोडा, राख. एका महाभागाने तर तारेची घासणी वापरली होती. दुकानाच्या दारावर मी ठळक अक्षरांत पाटी लावली आहे, 'नाणी घासून आणू नयेत.' पण पाटी वाचतो कोण? येतात, कौतुकाने पुरचुंडी सोडतात आणि म्हणतात, "बघा, कसं लख्ख केलंय!" मी कपाळाला हात लावते. शंभर वर्षांत चढलेला रंग पाच मिनिटांत उतरवायचा आणि वर शाबासकी मागायची.

त्या रंगाला बाजारात टोनिंग म्हणतात, माझे वडील राप म्हणतात. उन्हात माणूस रापतो तशी हवेत चांदी रापते. आणि ती क्रमाने रापते. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, मग जांभळी, निळी, शेवटी काळी. बहुतेक वेळा कडेकडून आत. कुणी गंधकाचा धूर देऊन घाईघाईने रंग चढवला, तर हा क्रम कुठेतरी फसतो. राप म्हणजे नुकसान नव्हे. नुकसान म्हणजे ओरखडा, घासल्याची रेघ. "राप आधी की रेघ आधी, एवढं वाचता आलं की निम्मं काम झालं," असं बाबा सांगायचे.

हे सगळं मला त्यांनीच शिकवलं, पण उशिरा आणि जरा नाइलाजानेच. कारण माझा हात जड आहे, असं आमच्या घरात ठरून गेलं होतं.

त्याचं असं झालं. शहरातल्या एका वकिलांचा नाण्यांचा ट्रे तेव्हा आमच्याच तिजोरीत असायचा. त्यात एक राजा होता. नाव लांबलचक आणि नाक त्याहून लांब, म्हणून आम्ही त्याला नाकाड्या म्हणायचो. मी अकरा वर्षांची होते. त्याचं तोंड मळकट दिसतं म्हणून मी ते फ्रॉकच्या टोकाने पुसलं. दोन-तीनदाच. त्याच आठवड्यात वकील नवं भिंग घेऊन आले आणि त्यांना राजाच्या गालावर रेघा दिसल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भोकाड पसरलं आणि कबूल करून टाकलं.

वकिलांनी ट्रे उचलून घरी नेला. मला चार वर्षं तिजोरीच्या खोलीत पाय ठेवायची बंदी झाली. आत्याने माझं नाव 'चकचकबाई' ठेवलं आणि ते चिकटलं. कुणाचा चष्मा पुसायला घेतला, काचेचा ग्लास उचलला, की कुणीतरी म्हणायचंच, "अगं, तू नको!" आज मी पंचेचाळीस वर्षांची आहे, दुकान मी चालवते, पण रबरी हातमोजे घातल्याशिवाय नाण्याला बोट लावत नाही. बाबांनी उभ्या आयुष्यात हातमोजे घातले नाहीत. हात कोरडे असावेत आणि नाणं कडेला धरावं, एवढाच त्यांचा नियम.

परवा सकाळी त्या वकिलांची सून दुकानात आली. वकील गेल्या वर्षी गेले. ती दातांची डॉक्टर आहे. मी तिला म्हटलंसुद्धा, की टूथपेस्टच्या पायी तुमच्या धंद्याने माझा धंदा बुडवला. ती हसली आणि तिने पर्समधून एक प्लॅस्टिकची गोल डबी काढली.

"सासऱ्यांचं लाडकं नाणं. विकायचं ठरलंय. नाणं कसं आहे ते लिहून द्याल का? चारला येते."

डबीत नाकाड्या होता. चौतीस वर्षांनी आम्ही दोघं समोरासमोर होतो. डबीच्या झाकणाला घडी केलेली चिठ्ठी चिकटवली होती, बाबांच्या अक्षरात. 'राप अस्सल. गालावरचे ओरखडे ताजे. मुलीच्या हातून.' खाली सही आणि तारीख. म्हणजे माझा गुन्हा घरातच नव्हे, कागदोपत्रीही नोंदलेला होता.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. त्यांच्या डोळ्यांत मधोमध डाग पडला आहे. समोरचं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. तरी रोज दहाला दुकानात हजर. मी मायक्रोस्कोपखाली बघून बोलायचं आणि त्यांनी ऐकून निकाल द्यायचा, असं आता आमचं काम चालतं. नियम जुनाच आहे, आधी दिसतं ते सांग, मग वाटतं ते.

"कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"नाकाड्या."

ते पाण्याचा ग्लास चाचपत होते, तो हात तेवढा थांबला.

मी हातमोजे चढवले आणि डबीचं सील कापलं. ते बाबांनीच त्या आठवड्यात लावलं होतं, वकिलांना ट्रे परत देताना. आत हवा नाही, म्हणजे पुढचा राप नाही. नाणं त्या आठवड्यात जसं होतं तसंच थांबलेलं.

"कडेला निळा," मी सुरू केलं. "आत जांभळा, मग तांबूस. मध्ये फिकट सोनेरी. क्रम बरोबर आहे. अक्षरांच्या खोबणीतही रंग उतरलाय. राप खरा आहे."

"पुढे."

"गालावर एक फिकट डाग आहे, नखाएवढा. तिथे रंग जरासा उडालाय. चांदीला धक्का नाही." हा माझा फ्रॉक. मी लगेच ओळखलं. खोटं कशाला बोलू, माझा गुन्हा होताच, पण केवढा? नखाएवढा.

"पुढे," बाबा म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"रेघा आहेत. केसासारख्या, गोलगोल, गालापासून पार कपाळापर्यंत. कुणीतरी पावडर लावून घासल्यासारख्या. आणि बाबा..." मी भिंग बदललं. पुन्हा पाहिलं. दिवा तिरका केला, पुन्हा पाहिलं. "रेघा रंगाला कापत नाहीत. रंग रेघांवरून गेलाय. रेघांच्या तळाशीसुद्धा तांबूस आहे."

माझ्या पुसण्याने त्या रेघा उमटल्या असत्या, तर त्या रंग चिरत गेल्या असत्या, पांढऱ्या चमकल्या असत्या. एका आठवड्यात एवढा राप चढत नाही. त्याला दहा-पंधरा वर्षं लागतात. दहा-पंधरा वर्षं आधी मी जन्मालासुद्धा आले नव्हते, किंवा फार तर पाळण्यात असेन. आणि राप आधी की रेघ आधी, हे ज्याने मला शिकवलं, त्याला हे त्या दिवशी दिसलं नसेल?

"दिसतं ते सांगून झालं," मी म्हटलं.

"मग वाटतं ते सांग."

"ते तुम्ही सांगा."

त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं.

"तेविसाव्या वर्षी," ते म्हणाले, "वकिलांनी ट्रे माझ्यावर विश्वासाने सोपवला. हे नाणं काळं ठिक्कर होतं. म्हटलं, खूश करून टाकू त्यांना. सोडा घेतला, फडकं घेतलं. लख्ख केलं आणि मग भिंगाखाली बघितलं. पोरी, कपाळापर्यंत रेघाच रेघा! खाकी पाकिटात घालून ठेवून दिलं. वकिलांना सांगितलं, अभ्यास चाललाय. तेव्हा ते दौऱ्यांवर असायचे, नाण्यांकडे बघायला सवड कुठे होती त्यांना! मी मात्र महिन्याला पाकीट उघडून बघायचो, राप आला का. पंधरा वर्षं. रेघा झाकल्या गेल्या असं वाटलं, तेव्हा कुठे परत ट्रेमध्ये ठेवलं."

"आणि मग मी पुसलं."

"तू पुसलंस, आणि त्यांचं भिंग चांगलं निघालं. मी तोंड उघडणार होतो, शपथेवर सांगतो. पण तू आधीच कबूल करून मोकळी झालीस. मला काही बोलावंच लागलं नाही."

मला राग आला. त्यांची कीवही आली, पण राग जास्त. कागदावर 'ताजे' लिहायला मात्र तोंड उघडावं लागलं नव्हतं! चार वर्षं मी त्या खोलीच्या दारात उभी राहून आत बघायचे. लग्नानंतर सासरी काचेचं कपाट पुसायची वेळ आली, तेव्हाही मीच म्हटलं होतं, माझा हात जड आहे, दुसऱ्या कुणाला सांगा. हे सगळं मी त्यांना तोंडावर सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं हे नशीब.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती चिठ्ठी दे. आणि पेन."

मी दोन्ही दिलं. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांच्या कडेला धरली, मान वाकडी केली आणि बोटाने ओळ शोधली. 'ताजे' खोडलं, वर 'जुने' लिहिलं. मग 'मुलीच्या' खोडायला गेले, तर रेघ खालून गेली. पुन्हा खोडलं. बाजूला, ओळ सोडून, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'माझ्या'. सही केली ती कागदावर अर्धी आणि टेबलावर अर्धी.

"तुझा हात जड नाही," ते म्हणाले. "कधीच नव्हता. शिकवायला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी कळलं होतं मला."

मी हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि अहवाल टाइप करायला बसले.

चारला डॉक्टरीण आली. मी टाइप केलेला अहवाल तिला वाचून दाखवला. राप अस्सल, रेघा जुन्या, रापाच्या खालच्या, घासणं या दुकानात झालेलं. जुनी चिठ्ठीही पुढे ठेवली. बाबा खुर्चीतून उठून टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. तिने दोन्ही कागद पाहिले.

"म्हणजे किंमत वाढली का?"

"नाही. घासलेलं ते घासलेलं. रेघ कुणाची आहे, हे बाजार विचारत नाही."

"मग एवढी खाडाखोड कशाला?" ती खरंच गोंधळली होती.

"अहवाल तुमचा," मी म्हटलं. "ही चिठ्ठी मला द्याल का? मला हवी आहे."

तिने खांदे उडवले आणि चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. मी नाकाड्याला कडेला धरून उचललं, डबीत ठेवलं, झाकण लावलं. ती गेल्यावर बाबांनी विचारलं, "नाणं ठेवताना आवाज नाही आला हातमोज्यांचा?"

मी टेबलाकडे पाहिलं. हातमोजे सकाळपासून तिथेच पडले होते.